भल्या काकांची मजुरी

कौटुंबिक कादंबरीत एक पात्र ठरलेले असते. तो नायकाचा काका असतो, मामा असतो, क्वचित बहिणीचा नवरा किंवा वडिलांचा जुना स्नेही असतो. हाताने काही तरी घडवणे हा त्याचा धंदा. घड्याळे, होकायंत्रे, घोड्याचे नाल, खुर्च्या, खेळणी, काहीही चालते. तो अविवाहित तरी असतो, विधुर तरी, नाही तर कजाग बायकोचा सोशिक नवरा. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक फारसे फिरकत नाही, पण त्याबद्दल तो कोणावर रागावत नाही. घरातल्या पोरक्या मुलाला तो जवळ घेतो. मुलगा मोठा होतो, दूर जातो, त्याला विसरतो, प्रसंगी त्याची लाजही बाळगतो. पुढे मुलावर संकट आले की हाच काका कुठून तरी उगवतो, कर्ज फेडतो, उशाशी बसून शुश्रूषा करतो आणि कोणी आभार मानण्याच्या आत निघून जातो. शेवटच्या प्रकरणात त्याला शेकोटीजवळची एक खुर्ची मिळते.

वाचकांचे या पात्रावर अतोनात प्रेम असते आणि समीक्षकांचेही काही कमी नसते. 'श्रमाची प्रतिष्ठा', 'साधेपणातील थोरवी', 'हातावर पोट असणाऱ्यांविषयीचा लेखकाचा जिव्हाळा' असे शब्दप्रयोग या पात्राच्या वाट्याला हमखास येतात. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. या भल्या काकाने साहित्यातील श्रमाची प्रतिष्ठा वाढवलेली नाही. त्याच्या आडून कादंबरीने श्रमाचा हिशेब बुडवला आहे. भलेपणा ही या पात्राला दिलेली मजुरी आहे, आणि ती रोख मजुरीच्या बदल्यात दिलेली आहे.

आरोप मोठा आहे, तेव्हा तो एखाद्या सामान्य लेखकावर करण्यात अर्थ नाही. सामान्य लेखकाची पात्रे साच्यातलीच असतात आणि ती तशी आहेत हे सिद्ध करून काही हाती लागत नाही. म्हणून ज्याने हे पात्र सर्वांत समर्थपणे उभे केले, त्या चार्ल्स डिकन्सचीच साक्ष काढू.

'डोम्बी अँड सन' ही कादंबरी १८४६ ते १८४८ या काळात मासिक भागांतून प्रसिद्ध झाली. तिच्यात सॉलोमन गिल्स आहे. जहाजांवर लागणारी उपकरणे तयार करणारा हा वृद्ध कारागीर लंडनच्या सिटी भागात, डोम्बीच्या बलाढ्य पेढीपासून थोड्याच अंतरावर दुकान चालवतो. दुकानाची खूण म्हणून दारावर लाकडी खलाशीपोऱ्याचा पुतळा आहे. वॉल्टर गे हा त्याचा भाचा. इंग्रजीतला 'अंकल' नात्याची बाजू सांगत नाही, पण दोघांची आडनावे निराळी आहेत, तेव्हा मराठी वाचक त्याला मामाच म्हणेल. दुकानात होकायंत्रे, दुर्बिणी, वायुभारमापके, नकाशे, सेक्स्टंट यांची खच्चून गर्दी आहे. डिकन्सने या गर्दीचे वर्णन इतक्या प्रेमाने केले आहे की ते दुकानच एक जहाज वाटू लागते. मात्र विक्री शून्य. दिवसभरात दोन माणसे दुकानात येतात. एकाला मोड हवी असते आणि दुसरीला रस्ता विचारायचा असतो. जग पुढे गेले, आपण मागे राहिलो, असे म्हणून म्हातारा उसासा टाकतो. त्याला दोष द्यायला कोणी नसते.

पुढे जुन्या कर्जापायी दुकानावर जप्ती येते. वॉल्टर आणि कॅप्टन कटल डोम्बीपुढे हात पसरतात. कटल तारण म्हणून आपले चमचे आणि घड्याळही घेऊन जातो. डोम्बी आपल्या लहानग्या मुलाला पैशाची ताकद काय असते याचा धडा देण्यासाठी ही रक्कम देववतो. नंतर वॉल्टरचे जहाज बेपत्ता होते, मामा दुकान सोडून त्याच्या शोधात निघतो, बऱ्याच काळाने परततो, आणि शेवटी सारे सुखरूप होते. ते कसे होते हे मात्र पाहण्यासारखे आहे. म्हाताऱ्याने पूर्वी कधी तरी केलेली गुंतवणूक अचानक फळाला येते! म्हणजे तो काळाच्या मागे नव्हता, उलट थोडा पुढेच होता, अशी प्रेमळ कोटी करून डिकन्स मोकळा होतो. आयुष्यभर पितळेशी आणि काचेशी झुंजलेल्या माणसाला अखेरीस पितळ तारत नाही, काच तारत नाही, हातातली कला तारत नाही. त्याला तारते ते भांडवलावरचे उत्पन्न. हा निकाल एखाद्या सावकाराने लिहिला असता तर आपण त्याला सोडले नसते. डिकन्सने लिहिला म्हणून आपले डोळे पाणावतात.

या कादंबरीच्या शेकडो पानांत सॉल गिल्स एखादे उपकरण घडवतो आहे, दुरुस्त करतो आहे किंवा त्याची किंमत सांगतो आहे, असा लक्षात राहणारा एकही प्रसंग नाही. उपकरणे आहेत, उपकरणकार आहे, पण दोघांना जोडणारे काम नाही.

वास्तविक त्या धंद्याचा इतिहास कामाने आणि किमतीने गच्च भरलेला आहे. सेक्स्टंटच्या पितळी कमानीवर अंशांच्या रेषा आखणे हे त्यातले सर्वांत कौशल्याचे आणि कंटाळवाणे काम. रेषा केसभर चुकली की भर समुद्रात जहाजाची जागा मैलोन्‌मैल चुकणार. जेसी रॅम्सडेन या लंडनच्या कारागिराने या आखणीसाठी यंत्र तयार केले. १७७७ साली बोर्ड ऑफ लाँजिट्यूडने त्याला त्याबद्दल ६१५ पौंड दिले आणि त्या बदल्यात अटी घातल्या. यंत्राचे वर्णन प्रसिद्ध करायचे, इतरांना ते शिकवायचे, आणि इतर कारागिरांची उपकरणे ठरावीक दराने आखून द्यायची. ऑक्टंटला ३ शिलिंग, सेक्स्टंटला ६ शिलिंग. किती रोखठोक व्यवहार आहे हा! त्यात कारागिराचा अपमान कुठेही नाही. उलट त्याच्या हाताची किंमत सरकारी कागदावर चढली आहे.

त्याच क्षेत्रातला दुसरा कारागीर जॉन हॅरिसन. हा मूळचा सुतार. समुद्रावर रेखांश शोधण्याची खात्रीची रीत देणाऱ्यास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस देण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने १७१४ साली केला. हॅरिसनने त्यासाठी सागरी घड्याळे घडवण्यात उभे आयुष्य घातले. १७६१-६२ च्या सफरीत त्याचे चौथे घड्याळ कसोटीला उतरले. तरीही बोर्डाने नव्या नव्या अटी काढल्या आणि १७६५ साली अर्ध्याच बक्षिसावर त्याची बोळवण केली. म्हाताऱ्याने ऐकले नाही. तो भांडला, त्याने पत्रके काढली, गाऱ्हाणे थेट राजापर्यंत नेले, आणि १७७३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, संसदेकडून आणखी ८,७५० पौंड वसूल केले. समकालीनांना तो हट्टी आणि तापट वाटला. असेल. कौशल्य असलेल्या माणसाला आपल्या कौशल्याची किंमत ठाऊक असते, आणि ती बुडत असताना गोड बोलणे सर्वांनाच जमत नाही. असा हॅरिसन कौटुंबिक कादंबरीत काका म्हणून चालेल का? पहिल्याच जेवणाच्या टेबलावर तो उरलेल्या पैशांचा विषय काढील आणि सगळ्यांच्या तोंडची चव जाईल. म्हणून कादंबरी हॅरिसनला घरात घेत नाही. ती सॉल गिल्सला घेते.

एवढ्यावरून सिद्धान्त मांडणे उतावळेपणाचे होईल, असे कोणी म्हणेल. तर मग डिकन्सच्या अधिक प्रौढ आणि बहुतेकांच्या मते श्रेष्ठ कादंबरीकडे वळू. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ ची. तिच्यातला जो गार्गरी हा लोहार पिपच्या बहिणीचा नवरा. नात्याने काका नव्हे, पण भूमिका नेमकी तीच. इथे निदान भट्टी पेटलेली दिसते. सुरुवातीलाच, नाताळच्या जेवणावर सैनिक येतात आणि तुटलेल्या बेड्या दुरुस्त करून मागतात. भट्टी पेटवावी लागेल, दोनएक तास लागतील, असे जो सांगतो, कोट उतरवतो, कातड्याचा पट्टा बांधतो आणि कामाला लागतो. घरातले पाहुणे तेवढ्यात सैनिकांबरोबर पेयपान करतात. सणाच्या दिवशी दोन तासांच्या या कामाचे पैसे किती झाले, ते कोणी दिले, हे कादंबरी सांगत नाही. ते विचारणे वाचकालाही अरसिकपणाचे वाटते, आणि हेच या पात्राचे यश आहे.

आता त्याच भट्टीतला दुसरा माणूस पाहा. ऑर्लिक हा जोकडे रोजीवर काम करणारा कारागीर. पिपला एकदा मिस हॅविशॅमकडे जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी हवी असते. जो ती देतो. तेव्हा ऑर्लिक म्हणतो की सुट्टी द्यायची तर दोघांनाही द्या, एकाला वेगळा न्याय नको. मागणी साधी आहे, रास्त आहे, आणि जो ती मान्यही करतो. पण आतून ऐकणारी जोची बायको खवळते, शिवीगाळ होते, हातघाई होते, आणि त्याच रात्री कोणी तरी तिच्या डोक्यात घाव घालून तिला कायमची पंगू करते. तो घाव ऑर्लिकचा होता हे पुढे उघड होते. त्याहीपुढे जाऊन तो पिपचा जीव घ्यायला निघतो. सबंध कादंबरीत भट्टीतला जो एकमेव माणूस समान वागणुकीची मागणी करतो, तोच खुनशी निघतो. जो कधीच काही मागत नाही, तो संत ठरतो. दोन कामगार, एक भट्टी, आणि केवढा हा धडा! ऑर्लिक दुष्ट आहे हे मला मान्य आहे. प्रश्न असा की लेखकाने अर्ध्या दिवसाच्या सुट्टीची मागणी नेमकी त्याच दुष्टाच्या तोंडी का घातली?

जोच्या बाजूने बोलणारे दोन प्रसंग पुढे करतात, आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे. पहिला प्रसंग नुकसानभरपाईचा. पिपला श्रीमंती लाभणार असल्याची वार्ता घेऊन वकील जॅगर्स येतो आणि हातचा उमेदवार गेल्याबद्दल जोला मोबदला देऊ करतो. जो तो संतापाने नाकारतो, कारण मुलाच्या प्रेमाची किंमत होऊ शकत नाही. प्रसंग उत्कृष्ट आहे आणि त्यातला नकारही योग्य आहे. पण त्यात एक हातचलाखी आहे. प्रेमाची किंमत नाकारता नाकारता कामाची किंमतही नाकारली जाते. पिप हा जोचा लाडका होता, तसाच करारनाम्याने बांधलेला शिकाऊ लोहारही होता. त्या करारापोटी मिस हॅविशॅमने २५ गिनी दिल्या होत्या. त्याला शिकवण्यात घातलेला वेळ हा एका कारागिराचा वेळ होता. या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणे डिकन्सला कठीण नव्हते. त्याने त्या एकत्र कालवल्या आणि त्यानंतर जोच्या तोंडून पैशाचा शब्द निघणेच अशक्य करून टाकले.

दुसरा प्रसंग कर्जफेडीचा. पिप आजारी असताना जो लंडनला येतो, त्याची सेवा करतो, आणि त्याचे १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सांचे देणे फेडून पहाटे निघून जातो. पिप पुढे ही रक्कम परत करण्याची शपथ घेतो, हे खरे. कादंबरीत पेनीपर्यंत नोंदलेली ही रक्कम नायकाने उधळलेल्या पैशांची आहे. ती फेडण्यासाठी लोहाराने किती वर्षे ऐरणीवर घाम गाळला, किती नाल ठोकले, काय दराने ठोकले, याचा एकही आकडा नाही. उधळपट्टीला हिशेब आहे, कष्टाला नाही. जो स्वतः पिपला एकदा सांगतो की शहरी कपड्यांत मी मला शोभत नाही, मला पाहायचे तर भट्टीच्या खिडकीतून पाहा. पिप ते पुरतेपणी करत नाही. कादंबरीनेही ते करू नये, हे मात्र अक्षम्य आहे.

डिकन्सला कामाची माहितीच नव्हती, असे समर्थन इथे पुढे येते. जॉर्ज ऑर्वेलने १९४० च्या आपल्या निबंधात जवळपास तसेच म्हटले आहे. डिकन्सच्या कादंबऱ्यांत काम पडद्यामागे होते, 'लिटल डॉरिट'मधल्या डॅनियल डॉइसचा शोध नेमका कशाचा होता हेही आपल्याला कळत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. निरीक्षण बिनचूक आहे. डॉइस हाही तोच भला कारागीर. सरकारी कचेरी त्याला वर्षानुवर्षे नाडते आणि तो शांतपणे हसतो. भागीदार क्लेनम धंद्याचा पैसा सट्ट्यात घालवून तुरुंगात जातो, तेव्हा डॉइस परदेशातून येऊन त्याला उदार मनाने सोडवतो. मात्र ऑर्वेलने सांगितलेले कारण मला पटत नाही. मध्यमवर्गीय शहरी माणसाचे अज्ञान, हे ते कारण.

डिकन्स अज्ञानी नव्हता. वयाच्या बाराव्या वर्षी तो बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता, आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर. ही गोष्ट त्याने हयातभर झाकून ठेवली, आणि त्याच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली. आपल्या लेखणीच्या मजुरीबाबतही तो मुळीच भोळा नव्हता. १८४२ साली अमेरिकेत जाऊन, आपली पुस्तके तिथे फुकट छापली जातात, लेखकाला त्याचे देणे मिळाले पाहिजे, असे त्याने जाहीर भाषणांतून ठणकावले. तिथल्या वृत्तपत्रांनी त्याला पैशाचा लोभी ठरवले, तरी तो हटला नाही. ज्याने आपल्या हक्कासाठी समुद्रापार जाऊन वाद घातला, त्याचा लोहार मात्र तोंड उघडत नाही.

यापेक्षाही बोलका पुरावा आहे. १८५० साली 'हाउसहोल्ड वर्ड्स' या आपल्या साप्ताहिकात डिकन्सने एका गरीब कारागिराच्या पेटंटची कहाणी लिहिली. म्हातारा जॉन ती स्वतःच्या तोंडाने सांगतो. वीस वर्षे खपून त्याने एक यंत्र तयार केले आहे. त्याचे पेटंट मिळवण्यासाठी त्याला या कचेरीतून त्या कचेरीत, या सहीपासून त्या शिक्क्यापर्यंत हिंडावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी किती शुल्क पडले ते तो पै न् पैने नोंदवतो. एकूण ९६ पौंड ७ शिलिंग ८ पेन्स. लेख विनोदी आहे, पण विनोदाच्या खाली धगधगता राग आहे. दोन वर्षांनी, १८५२ साली, इंग्लंडमधला पेटंटचा कायदा सुधारला गेला.

म्हणजे कारागिराच्या तोंडी हिशेब घालणे डिकन्सला उत्तम जमत होते. जॉन स्वतःची कहाणी सांगतो तेव्हा पैसा दिसतो, राग दिसतो, वेळ दिसतो. तोच कारागीर दुसऱ्याच्या कहाणीत काका म्हणून शिरला की हे सारे नाहीसे होते. लेखक एकच, हात एकच. बदलली आहे ती पात्राची जागा. तेव्हा दोष शोधायचा तो त्या जागेत शोधला पाहिजे.

कौटुंबिक कादंबरीला घर ही बाजाराबाहेरची जागा म्हणून दाखवायची असते. बाहेर स्वार्थ, आत माया, अशी तिची मूळ मांडणी. पण घर बाजारावाचून चालत नाही. घड्याळ बाजारातून येते, बूट बाजारातून येतात, दाराची कडी लोहाराकडून येते. या वस्तूंबरोबर त्यांची किंमतही उंबरा ओलांडून आत येणार, आणि मग आतल्या मायेचे सोवळे मोडणार. भला कारागीर काका हा या पेचावर काढलेला तोडगा आहे. तो वस्तू घडवतो आणि भेट म्हणून देतो. तो नात्यातला असल्यामुळे बिल देत नाही. त्याला स्वतःची मुले नसतात, म्हणून त्याच्या वेळेवर दुसऱ्या कोणाचा दावा नसतो. त्याचे दुकान चालत नाही, म्हणून तो केव्हाही मोकळा असतो. त्याच्या स्वभावातली जी लक्षणे आपल्याला हृद्य वाटतात, ती एकेक करून तपासली तर त्या सगळ्या घरमालकाच्या सोयी निघतात.

'तो काळच तसा होता' हे शेवटचे समर्थनही टिकत नाही. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' क्रमशः प्रसिद्ध होत असताना, १८६१ च्या वसंतात, जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' प्रसिद्ध झाली. तिचा नायक विणकर आहे. तो प्रथम भला मुळीच नाही. खोट्या आळामुळे आपल्या माणसांतून उठलेला, माणूसघाणा, पैसे मोजत बसणारा कृपण आहे. त्याने विणलेल्या टेबलाच्या कापडाचे पाच गिनी त्याच्या हातात पडतात, आणि ते सोने त्याला का मोहवते हे एलियट आपल्याला समजावून सांगते. ते त्याच्या कामाचे मूर्त रूप आहे आणि त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. पुढे सोने चोरीला जाते आणि एक अनाथ पोर त्याच्या चुलीपाशी येते. हा विणकर मूल वाढवतो ते माग चालू ठेवूनच. कामात असताना पोर बाहेर पळू नये म्हणून तो तिला कापडाच्या पट्टीने मागाला बांधतो, आणि ती त्याचीच कात्री लांबवून पट्टी कापून पसार होते. काम आणि माया यांतली ओढाताण त्या एका कात्रीत आली आहे. सोळा वर्षांनी मुलीचा जन्मदाता, गावचा जमीनदार, तिला न्यायला येतो. तेव्हा सायलस हसून बाजूला होत नाही. तो संतापतो, जाब विचारतो, आपला हक्क सांगतो. मुलगी त्याच्याकडे राहते. आणि हे चालू असताना विणकामाचा धंदा खालावत चालला आहे, सूत कमी येते आहे, हेही एलियट विसरत नाही. विणकर मायाळू होऊ शकतो, पण त्यासाठी त्याचा माग पुस्तकातून उचलून नेण्याची गरज नसते. तेच साल, तीच भाषा, तोच वाचकवर्ग. काळाला दोष देण्याची सोय इथे संपते.

इंग्रजी कादंबऱ्यांचा हा कूट आपण मराठी वाचकांनी का सोडवावा, असे कोणी विचारील. कारण हे पात्र आपण पुस्तकापुरते ठेवलेले नाही. आपण ते बोलीत आणले आहे. शहरी मराठी घरात आज येणारा सुतार 'सुतारकाका' असतो, नळ दुरुस्त करणारा 'प्लंबरकाका' असतो, रिक्षावाले काका असतात. मुलांना तसे शिकवणे हा संस्कार समजला जातो, आणि 'ए सुतार' म्हणण्यापेक्षा ते निश्चितच बरे. पण काका म्हणून हाक मारलेल्या माणसाशी मजुरी ठरवताना जी घासाघीस होते ती ऐकण्यासारखी असते. 'काका, घरचंच काम आहे, जरा समजून घ्या.' नाते जोडले ते दर पाडण्यासाठीच की काय, असा संशय यावा.

आपल्या जुन्या गावगाड्यातही नात्याची हाक होती. पण तिथे हाकेबरोबर खळ्यावरचा वाटाही होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात सुतार, लोहार, कुंभार यांची कामे आणि त्यांचे बलुते यांचा जमाखर्च सापडतो. ती व्यवस्था जातीने जखडलेली होती, तिने कितीकांना अपमानित ठेवले, आणि तिचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हेच नाव दिले, ते गोडव्यापोटी खासच नव्हे. तरी काम आणि त्याचा मोबदला या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलण्याची लाज त्या समाजाला नव्हती. ती लाज आपल्या नव्या कौटुंबिकतेने आणली.

मराठीत तिच्यापासून मुक्त असलेली पुस्तके आहेत आणि ती आपली महत्त्वाची पुस्तके आहेत. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये वऱ्हाडातले शिंप्याचे घर आहे. तिथे शिवणकाम हा छंद नाही. ते मिळाले तर चूल पेटते आणि न मिळाले तर उपास पडतो, आणि कौतिकचा सगळा झगडा त्या चुलीभोवतीचा आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये टोपल्या विणणारे कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते. तिथे टोपलीला धान्य किती मिळेल यावर रात्रीचे जेवण ठरते. या पुस्तकांतले कारागीर थकतात, चिडतात, भांडतात, कधी वाईटही वागतात. त्यांच्यावर प्रेम करणे सॉल गिल्सवर प्रेम करण्याइतके सोपे नाही, कारण ते आपल्या सोयीसाठी घडवलेले नाहीत.

आता नेहमीचा आक्षेप. मग कादंबरीतल्या काकाने पुतण्याला बिल पाठवावे काय? सगळ्या मायेचा असा वाणसामान-हिशेब करून टाकायचा काय? मुळीच नाही. काका भला असू द्या, उदारही असू द्या. मात्र औदार्याला औदार्य म्हणायचे तर देणाऱ्याकडे न देण्याचा पर्याय असावा लागतो, आणि जे दिले त्याचे मोल वाचकाला ठाऊक असावे लागते. रॅम्सडेनचा दर ठाऊक असेल तर त्याने फुकट आखून दिलेला एखादा सेक्स्टंट ही खरी भेट ठरते. ज्याच्या कामाला किंमतच नाही असे कादंबरीने आधीच ठरवले आहे, त्याच्या भेटीलाही मग किंमत राहत नाही. भल्या काकावर अन्याय होतो तो इथे. त्याची मजुरी जाते, आणि मजुरीबरोबर त्याचे दातृत्वही जाते. उरतो तो स्वभाव.

पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीत, चित्रपटात किंवा रात्रीच्या मालिकेत हा गृहस्थ भेटला तर डोळे पुसण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारावेत. याने आज काय घडवले? ते कोणी घेतले? कितीला घेतले? आणि उद्या याने नाही म्हटले, तर या घरातले कोण याला काका म्हणेल? चारांपैकी एकाचेही उत्तर पुस्तकात मिळाले तर लेखकाने कारागीर पाहिला आहे. एकाचेही मिळाले नाही, तर त्या घराला फुकटात एक गडी मिळाला आहे आणि आपण त्याला थोर माणूस म्हणून टाळ्या वाजवतो आहोत.